ग्रंथीच्या नावावर

"तुमचा राग कदाचित तुमचा नसेलही," हार्मोनच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि काटेकोर खुर्चीत एकदम पुढे सरकले.

काटेकोर हे त्यांचं आडनाव नव्हे. ते इमारतीने ठेवलेलं नाव. आणि ते आपण त्यांच्या पाठीमागेच घेतो अशी इमारतीची प्रामाणिक समजूत होती. काटेकोर वजनमापे निरीक्षक होते. दुकानादुकानांतले तराजू तपासायचे, खरे असले तर शिक्का मारायचा, खोटे असले तर दुकानदाराला घाम फोडायचा, हे त्यांचं काम. सरकारी काम संध्याकाळी सरकारी कपाटात ठेवून घरी यावं, एवढी साधी गोष्ट मात्र त्यांना कधी जमली नाही. त्यामुळे दूधवाला, इमारतीचा पाण्याचा पंप, शेजाऱ्यांचा रेडिओ आणि बायकोचा स्वयंपाक या सगळ्यांची तपासणी बारमाही चालू असायची, आणि शिक्का सहसा कोणालाच मिळत नसे.

डॉक्टरीणबाईंकडे ते आले होते झोप उडते म्हणून. शिवाय पोट पुढे आलं होतं आणि तोंड असं गोल झालं होतं की दाढी करायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागायचा. आत जाण्यापूर्वी नर्सने त्यांना वजनकाट्यावर उभं राहायला सांगितलं. काटेकोर उभे राहिले नाहीत. त्यांनी वाकून काटा उचलला, उलटा केला आणि बुडाशी पाहिलं.

"यावर चालू वर्षाचा शिक्का नाही," ते म्हणाले.

"पण काका, वजन बरोबर दाखवतो."

"ते तुम्ही कोण ठरवणार? कायद्याने या काट्यावर माझं वजन होऊच शकत नाही."

यानंतर नर्स आणि काटेकोर यांच्यात कायद्याची जी चर्चा झाली, तिचा लाभ खालच्या फुटपाथवरच्या लोकांनाही मिळाला. डॉक्टरीणबाई आपल्या खोलीच्या दारातून सगळं पाहत होत्या. त्यांनी बायकोला हळूच विचारलं, "हे रोज असेच असतात?"

"आज तसे बरे आहेत," बायको म्हणाली.

मग बाईंनी ते रागाचं वाक्य उच्चारलं आणि पुढे समजावूनही सांगितलं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोप्या घातल्यासारख्या दोन ग्रंथी असतात. त्या कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन रक्तात सोडतात. पहाटे ते चढतं, म्हणून माणूस उठून कामाला लागतो. दिवसभर ते उतरत जातं आणि रात्री तळाला पोचतं, म्हणून अंग शांत होतं. अंगाने साखर कशी वापरायची, चरबी कुठे साठवायची, संकट आलं तर किती बळ काढायचं, हे सगळं त्याच्या चढउतारावर चालतं. "आता तुमच्या बाबतीत ते रात्रीही खाली येत नसेल, तर झोप जाईल, पोट सुटेल, तोंड सुजल्यासारखं दिसेल आणि माणूस सारखा चिडेल."

"म्हणजे काटा शून्यावर येत नाही," काटेकोर म्हणाले.

"अगदी तसंच."

"माल न ठेवताच काटा वर असेल, तर त्यात मालाचा काय दोष?"

"काहीच नाही," बाई म्हणाल्या. तपासणीची चिठ्ठी लिहिता लिहिता त्या हे बोलल्या आणि विसरूनही गेल्या असतील. पण या दोन शब्दांनी पुढे जो गोंधळ घातला, तो बाईंच्या कोणत्याही औषधाने घातला नसता.

चिठ्ठीत लिहिलं होतं, की एक नमुना सकाळी आणि एक त्याच दिवशी संध्याकाळी उशिरा घ्यावा. खाली लाल शाईत, अधोरेखित करून: 'रुग्ण शांत असावा. चिडलेला किंवा घाबरलेला असल्यास नमुना घेऊ नये.' कारण चिडलं की कॉर्टिसॉल वाढतं, आणि ग्रंथीचा दोष कुठला आणि त्या दिवसाचा राग कुठला, हे मग कळत नाही.

बसमधून घरी येताना बायको खिडकीशी बसली होती. तिने विचारलं, "अहो, मग दूधवाल्याच्या अंगावर पातेलं घेऊन धावलात, ते?"

"ग्रंथी," काटेकोर म्हणाले.

"आणि माझ्या मैत्रिणींसमोर माझ्या केकचं वजन केलंत?"

"ग्रंथी. दुसरं काय?"

मग खिडकीबाहेर बघतच तिने विचारलं, "आणि आपल्या पोरीला बोललात, ते?"

काटेकोर तिकिटाची घडी घालू लागले. त्यांच्या मुलीने पक्की नोकरी सोडून दुसऱ्या शहरात कुत्र्यांना वळण लावण्याचं काम सुरू केलं होतं. तिने हे घरी सांगितलं त्या दिवशी ते जेवणाच्या टेबलावर म्हणाले होते, "कुत्र्यांना 'बस' म्हणायला पदवी कशाला घेतलीस? त्यांना तर शिकवणीशिवायही बसता येतं." आणखीही बरंच म्हणाले होते. ती उठून गेली होती. तिला जाऊन दोन वर्षं होत आली होती. फोन आईच्या नावाने यायचा, आईच्या नावाने संपायचा.

"ती तर नक्कीच ग्रंथी," काटेकोर म्हणाले. "तसं मी बोलेन का?"

खरं म्हणजे तेव्हापासूनच त्यांना ती ग्रंथी दोषी निघायला हवी होती. माणसाला आजार नको असतो असं आपण समजतो, पण ते तितकंसं खरं नाही. आपल्या सगळ्या चुकांची थकबाकी एकरकमी फेडणारा आजार मिळत असेल, तर भलेभले रांग लावतील.

रिपोर्ट यायला अवकाश होता, पण काटेकोरांना दम नव्हता. जिन्याच्या वळणावरच त्यांची गाठ ड्रिलमास्तरांशी पडली. ड्रिलमास्तर समोरच्या दारातले. शाळेत कवायत शिकवायचे, काठीसारखे सडसडीत, चौघांचं जेवण एकटे जेवायचे, आणि कडाक्याच्या थंडीत बनियनवर जिन्यात उभे राहून "केवढं उकडतंय" म्हणायचे. चहाचा कप हातात धरला तर निम्मा चहा थरथरून बशीत. या दोघांचं भांडण होतं जिन्यातल्या सामाईक खिडकीवरून. मास्तर ती उघडायचे, काटेकोर बंद करायचे. खिडकी इतकी हलवली गेली होती की तिच्या बिजागऱ्या इमारतीत सर्वांत झिजलेल्या होत्या.

आताही मास्तरांचा हात खिडकीवरच होता. काटेकोर म्हणाले, "उघडा, मास्तर. मी आजवर जे बोललो ते मनावर घेऊ नका. माझ्या ग्रंथीत बिघाड निघालाय."

मास्तरांनी हात मागे घेतला. "काय सांगता? निघालाय?"

"निघेल. दोन दिवसांत."

मास्तरीणबाई दारात आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पदराला डोळे पुसले आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाला काय काय सोसावं लागलं असेल! आणि आम्ही आपलं म्हणायचो, माणूसच तसा."

काटेकोरांना आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत बातमी इमारतभर झाली. दूधवाल्याने स्वतः होऊन माप जरा सांडेपर्यंत भरलं. बायकोने मुलीला फोन केला, आणि मुलगी दुसऱ्या दिवशीच्या गाडीने येते म्हणाली.

ती आली, पिशवी खाली ठेवली आणि सरळ त्यांच्याजवळ येऊन बसली. "बाबा, मी उगाच इतके दिवस राग धरला. तुम्ही आजारी होतात, आणि मला कळलंच नाही."

"तुला कसं कळणार? मलाच माहीत नव्हतं," काटेकोर म्हणाले. त्यांना आनंदही झाला आणि कुठेतरी टोचलंही. का टोचलं, याचा मात्र त्यांनी त्या दिवशी तपास केला नाही.

आता उरलं होतं फक्त शांत राहणं. त्यासाठी आधी रजा हवी होती. काटेकोरांनी अर्जात खरं कारण लिहिलं: 'शांत राहण्यासाठी.' आस्थापना शाखेतल्या कारकुनाने अर्ज दोनदा वाचला.

"साहेब, असा रजेचा प्रकारच नाही."

"मग आजारी रजा द्या."

"त्याला डॉक्टरचं सर्टिफिकेट."

"ते रिपोर्ट आल्यावर."

"मग रिपोर्ट आल्यावर रजा घ्या."

"अहो, रिपोर्ट येण्यासाठीच रजा हवी आहे! शांत असल्याशिवाय रक्त घेत नाहीत, आणि तुमच्यासमोर उभा राहून मी शांत कसा राहू?"

कारकून विचारात पडला. शेवटी त्याने 'घरगुती अडचण' असं लिहून रजा मंजूर करून आणली. घरगुती अडचण म्हणजे आपणच, हे जिना उतरताना काटेकोरांच्या लक्षात आलं. परत वर जाऊन भांडावंसं वाटलं, पण त्यांनी मनाला आवर घातला. सराव म्हणून.

तपासणीच्या सकाळी सगळी इमारत त्यांच्यासाठी दबक्या पावलांनी चालत होती. तळमजल्यावरच्या बँकवाल्या बाई समोर आल्या की नुसता त्यांचा हात हातात घेऊन डोळ्यांनी धीर द्यायच्या, त्यामुळे आपण या आठवड्यात मरणार असं त्यांना वाटू लागलं. आवाज होऊ नये म्हणून कोणीतरी पाण्याचा पंप बंद ठेवला होता, आणि ते त्यांना सांगायचं नाही असं ठरलं होतं. चिडतील ना! काटेकोर तोंडाला साबण लावून नळ फिरवत राहिले. बायको बाहेरून गोड आवाजात म्हणाली, "येईल हं पाणी. घाई काय आहे?" इतक्या गोड आवाजात ती गेल्या कित्येक वर्षांत बोलली नव्हती. साबणाखाली काटेकोरांना आपण मरणार याची खात्रीच पटली.

लॅबोरेटरीत त्यांच्या मागून आलेल्या माणसाला आधी आत घेतलं. काटेकोर काही बोलले नाहीत. फक्त त्या माणसाकडे पाहत राहिले. त्यांचा नंबर आला तेव्हा रक्त घेणाऱ्या मुलीने चिठ्ठीतली लाल शाई वाचली आणि विचारलं, "मन शांत आहे ना, काका?"

दुसरा कोणीही 'हो' म्हणून मोकळा झाला असता. पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या मापात खोट शोधणाऱ्याला स्वतःचं माप खोटं सांगणं अवघड जातं.

"खरं सांगू? नाही," काटेकोर म्हणाले.

"मग उद्या या," ती रक्त घेणारी मुलगी म्हणाली आणि तिने सुई झाकून ठेवली.

मग मात्र शांततेची खरी मोहीम सुरू झाली. ज्याला जे सुचेल ते तो घेऊन आला. बँकवाल्या बाईंनी काचेच्या भांड्यातले दोन मासे आणून दिले. मासे पाहत बसलं की मन निवळतं, असं त्यांच्या बँकेत म्हणे सगळे मानतात. काटेकोर मासे पाहत बसले. एक मासा मोठा होता आणि दुसऱ्याला एका कोपऱ्यात कोंडून धरायचा. थोड्याच वेळात काटेकोर काचेवर टिचकी मारून मोठ्या माशाला समज देताना सापडले, आणि मासे परत गेले.

ड्रिलमास्तरांनी श्वासाचा व्यायाम द्यायचं मनावर घेतलं. मास्तरांना मऊ आवाजात काही शिकवता येत नसे. ते छाती काढून उभे राहिले, शिटी फुंकली आणि ओरडले, "श्वास — घे! पोट — आत! सावकाश, सावकाश म्हणतोय ना!" शेवटचं वाक्य पलीकडच्या इमारतीतल्या कुत्र्याने ऐकलं आणि उत्तर दिलं. मास्तर घामाने निथळत होते, त्यांचेच हात थरथरत होते आणि मधूनमधून ते भिंतीला टेकून धापा टाकत होते. मास्तरीणबाई दारातून हे सगळं बघत होत्या. त्यांच्या कपाळाला आठी पडली होती, पण ती काटेकोरांसाठी असेल असं सगळ्यांना वाटलं.

खरा उपाय मुलीने केला. ती दिवसभर त्यांच्याजवळ बसून कुत्र्यांच्या गोष्टी सांगत होती. एक धिप्पाड कुत्रा जिन्याला भ्यायचा, त्याला तिने एकेक पायरी कशी चढायला लावली. दुसरा मालकिणीचा आवाज वाढला की टेबलाखाली जायचा; तिथे तिने कुत्र्याला शिकवलंच नाही, मालकिणीला शिकवलं. काटेकोर ऐकत राहिले. त्यांना या कामात इतकं मोजमाप असेल असं वाटलं नव्हतं. केव्हा थांबायचं, किती जवळ जायचं, आवाज किती ठेवायचा. मध्ये खाली कोणीतरी दार धाडकन आपटलं, तरी ते काही बोलले नाहीत. मुलगी म्हणाली, "छान, बाबा," आणि तिने बिस्किटाची बशी पुढे केली. फोन वाजून वाजून बंद झाला, ते गप्प राहिले. "छान." बिस्किट. तिसऱ्या बिस्किटाला त्यांचा हात मध्येच थांबला.

"हे तू मला शिकवते आहेस का?"

"नाही हो, बाबा," मुलगी म्हणाली. पण बायको स्वयंपाकघरात तोंडावर टॉवेल दाबून हसत होती, ते त्यांना दिसलं. त्यांनी मानी माणसासारखं ते बिस्किट परत बशीत ठेवलं. थोड्या वेळाने खाल्लं.

दुसऱ्या सकाळी लॅबोरेटरीत मुलगी सोबत होती. त्या दोन-तीन दिवसांच्या शांततेने काटेकोर असे दमले होते की बाकावर बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागली. रक्त घेणाऱ्या मुलीने त्यांना उठवण्याची घाई केली नाही. सुई टोचली तेव्हा ते जागे झाले आणि "झालं?" म्हणाले. संध्याकाळचाही नमुना असाच गेला.

रिपोर्ट येईपर्यंतचा काळ काटेकोरांच्या आयुष्यातला सुवर्णकाळ म्हणायला हवा. त्यांना मनसोक्त चिडायची मुभा होती आणि त्याचं बिल दुसऱ्याच्या नावावर जात होतं. पेपर उशिरा आला म्हणून ते पेपरवाल्यावर खेकसायचे आणि लगेच हात हलवून म्हणायचे, "ग्रंथी हो, ग्रंथी." पेपरवालाही म्हणायचा, "असू द्या साहेब, काळजी घ्या." एकदा जेवताना त्यांनी मिठावरून तोंड सोडलं आणि ताट सरकवून उठले. बायको शांतपणे म्हणाली, "तुमच्या ग्रंथीला सांगा, जाताना ताट धुऊन जा म्हणावं." एवढं एक सोडलं, तर सगळं छान चाललं होतं.

मग रिपोर्ट आला.

डॉक्टरीणबाईंनी तो पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. "सुरेख! सकाळी जितकं हवं तितकं, संध्याकाळी हवं तितकं उतरलेलं. अगदी घड्याळासारखी चालते आहे तुमची ग्रंथी."

काटेकोर म्हणाले, "पुन्हा एकदा बघा."

"बघितलं."

"लॅबोरेटरीचं यंत्र तपासलेलं आहे का?"

ते स्वतः लॅबोरेटरीत गेले. व्यवस्थापकाने मुकाट्याने यंत्राचा दाखला पुढे ठेवला. यंत्र गेल्याच आठवड्यात तपासलं होतं, सही स्पष्ट होती, मुदत शिल्लक होती. जन्मात पहिल्यांदा कोणाचं तरी माप बिनचूक निघालं आणि काटेकोरांना त्याचं दुःख झालं.

ते परत बाईंकडे गेले. "बाई, दुसरी एखादी ग्रंथी नाही का? शरीरात बऱ्याच असतात म्हणे."

बाईंनी त्यांच्यासमोर आणखी कागद मांडले, कारण त्यांनी तेही तपासून घेतलं होतं. "ही पाहा थायरॉइड, गळ्यातली. खाल्लेलं अंगात किती वेगाने जळायचं हे ती ठरवते. ठीक. ही पिट्युटरी, मेंदूखाली वाटाण्याएवढी असते. लहानपणी उंची वाढवते आणि जन्मभर बाकीच्या ग्रंथींवर देखरेख करते."

"देखरेख करते?" काटेकोरांना आशा वाटली. "ती चिडते का?"

"नाही. तीही ठीक. तुमच्या सगळ्या ग्रंथी गुणी आहेत. रोज चाला, रात्री हलकं जेवा, झोप येईल." मग बाई काळजीने म्हणाल्या, "तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

"नाही, नाही," काटेकोर म्हणाले. "आनंदच झाला."

घरी येताना बायको एवढंच म्हणाली, "पोरीला ही आनंदाची बातमी तुम्हीच सांगा."

सांगायचं कसं याचा विचार करतच ते जिना चढले. मुलीने जे मन मोकळं केलं होतं, ते ग्रंथीच्या नावावर केलं होतं. आता त्या ग्रंथीचं नाव कापलं, तर खाली कोणाचं नाव उरतं? वर वळणावर मास्तरीणबाई उभ्या होत्या, आणि आवाज ऐकून मुलगीही दार उघडून बाहेर आली होती.

"भाऊजी, तुमचे उपकार झाले," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या ग्रंथीचं ऐकलं आणि माझ्या मनात आलं, आमच्या यांचंही एकदा बघून घ्यावं. उकडणं, खाऊन खाऊन वाळणं, हात थरथरणं. आम्ही आपलं कवायतीमुळे म्हणत बसलो. थायरॉइड निघाली हो! दुप्पट वेगाने चालू आहे. डॉक्टर म्हणाले, हे चिडत होते ना, ते हे चिडतच नव्हते. ती चिडत होती." मग त्यांनी मायेने विचारलं, "आणि तुमचं काय आलं?"

काटेकोरांनी मुलीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. 'अजून यायचंय' एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हणता येईना.

"नॉर्मल," ते म्हणाले.

"अगंबाई, छानच झालं!" मास्तरीणबाई म्हणाल्या. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावरून तो छानपणा हळूहळू उतरला. "म्हणजे... खिडकीवरून इतकी वर्षं... ते तुम्ही स्वतःच?"

काटेकोर घरात शिरले आणि खुर्चीत बसले. ज्याच्याशी जन्मभर भांडलो त्याची ग्रंथी निघावी आणि आपली निघू नये, इतका अन्याय त्यांच्या कोणत्याही तराजूत मावेना. बायको त्यांच्यासाठी पाणी घेऊन आली.

"म्हणजे इतकी वर्षं त्या भांडणात शुद्धीवर एकटे तुम्हीच होतात," ती म्हणाली.

मुलगी मात्र काहीच टाकून बोलली नाही. "बरं झालं, बाबा. सगळं ठीक आहे ना, मग झालं तर," असं ती हसून म्हणाली, आणि आत जाऊन पिशवीत कपडे भरू लागली. परक्याच्या घरी पाहुण्याने बोलावं तसं ते बोलणं होतं. ती चिडली असती तर काटेकोरांना बरं वाटलं असतं. ते दोनदा तिच्या खोलीच्या दाराशी गेले. पहिल्यांदा "पंखा लावू का?" असं विचारलं. दुसऱ्यांदा म्हणाले, "त्या टेबलावरचं मी बोललो ते मीच बोललो होतो."

"कळलं, बाबा," मुलगी म्हणाली. "सकाळच्या गाडीने निघते."

सकाळी मास्तरीणबाई पुन्हा दारात. त्यांना माहेरी वडिलांकडे जाणं भाग होतं, आणि मास्तरांना हृदयाच्या तपासणीला जायचं होतं. "गोळ्या लागू पडेपर्यंत त्यांना चिडू द्यायचं नाही, ठोके आधीच पळताहेत, असं डॉक्टर म्हणालेत. सोबत कोणीतरी हवं. भाऊजी, दुसरं कोणी घरी नाही हो, म्हणून तुम्हाला विचारते." त्या 'म्हणून' मध्ये कालचं सगळं होतं. काटेकोरांनी चपला घातल्या. मुलगी म्हणाली, "मीही येते. तिथूनच स्टेशनला जाईन."

हृदयाच्या दवाखान्यात ते तिघे एका बाकावर बसले: मध्ये मास्तर, एका बाजूला काटेकोर, दुसऱ्या बाजूला पिशवी मांडीवर घेऊन मुलगी. मास्तरांचा गुडघा शिवणयंत्रासारखा हलत होता. ते कधी उठायचे, कधी बसायचे.

"तुमचं नॉर्मल आलं म्हणे," मास्तर म्हणाले.

"हो."

"मग खिडकी मुद्दाम बंद करत होतात."

"थंडी वाजायची, मास्तर. पण सभ्यपणे सांगता आलं असतं."

हे मास्तरांना पुरलं नाही. त्यांना भांडायचं होतं, किंवा त्यांच्या गळ्यातल्या ग्रंथीला भांडायचं होतं. "सभ्यपणे!" मास्तर म्हणाले. "तुम्हाला एक सांगू? त्या कोपऱ्यावरच्या फळवाल्याच्या तराजूवर तुमचा शिक्का आहे ना? एका किलोत एक सफरचंद कमी येतं! मी घरी मोजलंय. तुमचे शिक्के म्हणजे सगळं नाटक आहे, नाटक. पाकीट घेतल्याशिवाय का असा तराजू पास होतो?"

समोरच्या खुर्चीवरच्या आजोबांनी वर्तमानपत्र खाली केलं. काटेकोरांनी नोकरीत कोणाकडून साधा चहासुद्धा घेतला नव्हता, आणि त्यांना हे आजवर कोणी विचारलंही नव्हतं, तोंडावर म्हणणं तर दूरच. त्यांचे कान तापले. छातीत धडधडू लागलं, तळवे ओले झाले, मानेपासून वर एक ऊब चढत गेली. आत काय चाललंय हे त्यांना आता नेमकं माहीत होतं. मूत्रपिंडांवरच्या त्या दोन टोप्या आपलं काम करत होत्या. गुणी ग्रंथी! हाक आली तशी धावून आल्या होत्या, जितकं द्यायचं तितकं देत होत्या, काडीची खोट नव्हती. ग्रंथीचं काम राग तोंडापर्यंत आणून ठेवण्याचं होतं, आणि तो तिथे येऊन उभा होता.

तोंड उघडायचं की नाही, हे मात्र ग्रंथी ठरवत नव्हती. तिचा त्याच्याशी काही संबंधच नव्हता.

"गप्प का? बोला ना!" मास्तर म्हणाले. त्यांचा श्वास फुलला होता, कपाळावर घाम होता, आणि डोळ्यांत रागाइतकीच भीतीही होती. तपासणीत काय निघतंय याची. ती काटेकोरांना आज पहिल्यांदा दिसली. इतकी वर्षं ते मास्तरांकडे स्वतः बोलतानाच बघायचे, आणि बोलताना माणसाला फारसं दिसत नाही.

काटेकोरांनी खिशातला रुमाल काढून मास्तरांपुढे धरला. "घाम पुसा. तुमचं नाव पुकारतायत."

मास्तरांनी रुमाल घेतला आणि नर्सच्या मागून आत गेले. दार लागता लागता त्यांनी डोकं बाहेर काढलं. "आहात ना बाहेर?"

"आहे," काटेकोर म्हणाले.

दार बंद झालं. बाकावर मधली जागा रिकामी झाली. मुलगी सरकून तिथे आली.

"बाबा, तुमचे कान लाल झालेत."

"माहितेय."

"बोलायचं आहे ना? खूप?"

"खूप," काटेकोर म्हणाले. "अगं, पाकीट म्हणाला तो मला. पाकीट!"

मुलीने मांडीवरची पिशवी उचलली आणि बाकाखाली सरकवून दिली.

"मला सांगा," ती म्हणाली. "दुपारची गाडी आहे अजून."

आणि काटेकोरांनी, समोरच्या आजोबांना ऐकू जाणार नाही इतक्या हलक्या आवाजात, फळवाल्याच्या तराजूपासून सुरुवात केली.